सापाची लस आणि मेंदूची गाठ



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो मजुरी, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणार, अशी साऱ्यांची अटकळ असते. आम्ही विषय कळविला तेव्हा चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय असा की, मेंदूत होणारी जी सर्वांत वाईट जातीची गाठ, तिच्यावर प्रतिपिंडांचे जे उपाय निघाले आहेत ते काय आहेत, ते कितपत चालतात, आणि हातावर पोट असणाऱ्याने त्यांच्यामागे किती धावावे. आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि जाणत्यांना प्रश्न विचारून विचारून झालेले आहे. पण बांबू तोडणाऱ्या आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या लोकांत तीस वर्षे काढल्यामुळे एक खोड अंगी जडली आहे. करारनामा कितीही अवघड भाषेत असो, अंगठा उठविण्यापूर्वी तो समजून घ्यायचा. दवाखान्यातून हाती पडणारा कागदही एक करारनामाच असतो, आणि त्यावर पुष्कळदा माणसाचे शेत लागलेले असते.

आरंभ हेमलकशापासून करू. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, आलापल्लीहून जंगलातून सुमारे ६० किलोमीटर आत गेले की हे गाव लागते. पलीकडे भामरागडपाशी इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर चढला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांच्या या मुलखात दवाखाना चालविला. त्या वेळी हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली.

या दवाखान्यात येणारी दुखणी शहरातल्यासारखी नसतात. अस्वलाने चेहरा ओरबाडलेला माणूस, हिवताप मेंदूत चढून बेशुद्ध झालेले पोर, झाडावरून पडलेला गडी, आणि पावसाळा लागला की साप चावलेले. नाग चावलेल्या माणसाची अवस्था ज्याने एकदा पाहिली तो ती विसरत नाही. आधी पापण्या खाली येतात, त्या उचलता उचलत नाहीत. मग जीभ जड होते, थुंकी गिळता येत नाही, मान कलंडते, आणि शेवटी छातीचा भाता मंदावू लागतो. अशा वेळी शिरेतून सापाची लस जाते, तोवर श्वास कसाबसा चालू ठेवला जातो, आणि वेळ टळलेली नसेल तर काही तासांनी तोच माणूस डोळे उघडून पाणी मागतो. जंगलातला माणूस मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळला, त्याच्या कारणांत आमच्या मते हे एक मोठे कारण होय. व्याख्यानांनी ते झाले नसते. आम्ही पुष्कळ व्याख्याने दिली आहेत, म्हणून सांगतो.

आपण तिला सापाची लस म्हणतो, पण वास्तविक ती लस नव्हे. लस म्हणजे शरीराला दिलेले शिक्षण. ती टोचली की शरीर आपली शस्त्रे आपणच घडवायला शिकते. साप चावलेल्याला शिकायला सवड नसते. त्याला शस्त्रे उसनी आणावी लागतात, आणि ती देतो घोडा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला सोसेल इतक्या लहान मात्रेपासून चढत्या मात्रेने टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला नेमके जाऊन चिकटणारे पदार्थ तयार होतात. त्यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. ती रक्तातून वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले. त्या कामाचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला पाळलेले असत.

प्रतिपिंडाचा आकार पोरे पाखरांवर रोखतात त्या बेचकीसारखा असतो. बेचकीची दोन टोके सावज धरतात, आणि त्या टोकांचा घाट असा की, ज्या सावजासाठी ती घडली त्यावाचून दुसऱ्यावर ती बसत नाहीत. खालची जी मूठ, ती शरीरातल्या रखवालदार पेशींना हाक मारते. (सापाच्या लशीत ही मूठ मुद्दाम छाटून टाकतात, घोड्याची मूठ माणसाच्या अंगाला बाधते.) १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्प यांच्या विषांवर ही शक्ती एका जनावराकडून दुसऱ्याला उसनी देता येते असे दाखविले. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंगना मिळाले. किटासाटोंना त्यात वाटा मिळाला नाही. कामात वाटा आणि बक्षिसात नाही, ही गोष्ट आमच्या युनियनच्या सभासदांना नवी वाटणार नाही.

पुढे १८९४ मध्ये फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावरचा उतारा जाहीर केला, आणि तो सगळ्या सापांना चालेल अशी आशा धरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लॅम्ब नावाच्या डॉक्टराने मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करून दाखविले की, नागावरचा उतारा घोणशीच्या विषावर लागू पडत नाही. म्हणून तर आज चार सापांचे विष घोड्यांना टोचावे लागते. एका सापाची प्रतिपिंडे दुसऱ्या सापाला ओळखत नाहीत, हे आपण ध्यानात ठेवावे. मेंदूच्या गाठीत ही अडचण पुन्हा आडवी येणार आहे.

घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे म्हणजे मिश्र धान्य. शंभर वाणांचे दाणे एकत्र, त्यांतले कामाचे थोडे. एकाच वाणाचे शुद्ध बियाणे काढण्याची युक्ती १९७५ साली इंग्लंडातल्या केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टीन यांना साधली. प्रतिपिंड बनविणारी एक पेशी त्यांनी कॅन्सरच्या पेशीशी जोडली. पहिलीला काम येत होते पण आयुष्य नव्हते. दुसरीला आयुष्य होते पण काम नव्हते. जोडपेशी दोन्ही घेऊन जन्मली आणि एकाच वाणाची प्रतिपिंडे अखंड देऊ लागली. कॅन्सरचे अमरपण माणसाने असे चाकरीला लावले. १९८४ साली त्यांना नील्स येर्ने यांच्याबरोबर नोबेल मिळाले. मौज अशी की, या मूळ युक्तीचे पेटंट घेतलेच गेले नाही. त्या उघड्या विहिरीचे पाणी पुढे कंपन्यांनी कोणत्या भावाने विकले ते रोग्यांच्या नातेवाइकांना विचारावे.

विहीर आपल्याकडेही आली. पिसाळलेले कुत्रे चावून खोल जखम झाली तर लशीबरोबर जखमेतच तयार प्रतिपिंडे भरावी लागतात. पूर्वी ती घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढीत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेबरोबर या कामासाठी एका वाणाची प्रतिपिंडे तयार केली आणि २०१६-१७ च्या सुमारास ती बाजारात आणली. पण हीच प्रतिपिंडे, रोग मेंदूत पोहोचून माणूस पाण्याला भिऊ लागल्यावर दिली तर त्यांचा उपयोग होत नाही. धनुर्वाताचेही तसेच. विष रक्तात मोकळे असेतो प्रतिपिंडे त्याला गाठतात. मज्जातंतूच्या आत शिरलेल्या विषाला ती हात लावू शकत नाहीत.

मेख येथे आहे. भामरागडकडच्या एका बांबू तोडणाऱ्या कुटुंबाने आमच्या कचेरीत येऊन नेमका येथलाच प्रश्न विचारला. घरचा कर्ता मुलगा, वय तीसच्या आत. डोके दुखे, उलट्या होत, एक दिवस शेतात फेफरे आले. नागपूरला मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, तपासणीत ग्लायोब्लास्टोमा हे नाव आले. पुढे कोणाच्या सल्ल्याने ते एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेले, आणि तेथून प्रतिपिंडाच्या इंजेक्शनांचा कागद घेऊन आले. दर दोन आठवड्यांनी एक. बाप आम्हांला म्हणाला, “भाऊ, सापाची सुई लावली त माणूस उठते. हे बी तशीच सुई आहे म्हन्ते. मंग वावर इकाचं का?” प्रश्न अडाण्याचा नव्हता. दोन्ही सुयांत प्रतिपिंडेच होती. पहिलीने माणूस उठतो हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. दुसरीने का उठू नये?

याचे उत्तर शोधता शोधता आम्ही या विषयात शिरलो. गावातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आणि नागपूरच्या दोन तरुण डॉक्टरांनी आम्हांला बसवून शिकविले. जे कळले ते असे.

मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. मेंदूतला मजूरवर्गच म्हणा. त्यांचे नाव ग्लिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, डिंक. या वर्गातली सर्वांत वाईट गाठ ती ग्लायोब्लास्टोमा. ती बटाट्यासारखी एका जागी बसत नाही. बांबूचे बेट जसे जमिनीखालून सरकते, वरचे बांबू साफ तोडले तरी चार हातांवर नवे कोंब वर येतात, तशी तिची चाल. १९२८ साली बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी यांनी काही रोग्यांचा उजव्या बाजूचा अर्धा मेंदूच काढून टाकला. तरी गाठ परतली. आजचा सर्वमान्य उपचार असा : काढता येईल तेवढी गाठ काढायची, सहा आठवड्यांत किरणांच्या तीस बैठका द्यायच्या, आणि जोडीला टेमोझोलोमाइड नावाच्या गोळ्या. २००५ साली ५७३ रोग्यांवरच्या चाचणीचा निकाल आला. नुसत्या किरणांनी निम्मे रोगी १२.१ महिन्यांपर्यंत जगले होते, गोळ्यांची जोड दिल्यावर १४.६. अडीच महिने! पण दोन वर्षांनी हयात असलेले रोगी दहांत एक होते ते चारांत एक झाले. या रोगात प्रगती अशी महिन्यांनी मोजतात. मजुरीच्या वाटाघाटीत आम्ही रुपयाच्या चौथ्या भागासाठी रात्र जागवली आहे, तेव्हा अडीच महिन्यांना हसणारे आम्ही नव्हे.

आता प्रतिपिंडे येथे का अडतात ते पाहू. १८८५ साली जर्मनीत पाउल एर्लिख यांनी जनावराच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू आणि पाठीचा कणा कोरा राहिला. त्यांचे सहकारी एडविन गोल्डमान यांनी १९१३ साली उलट केले. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू रंगला, बाकी शरीर कोरे! म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये तट आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की, मोठ्या आकाराच्या पदार्थाला मधून वाट नाही. प्रतिपिंड हे तर औषधांतले हत्ती. रक्तात हजार असतील तर मेंदूत जेमतेम एखादे पोहोचते. गाठीच्या मध्यभागी हा तट फुटलेला असतो, तेथे औषध जाते. पण कडेला, जेथून पुढचे कोंब निघतात तेथे, तो शाबूत असतो. म्हणजे जो भाग शस्त्रक्रियेने निघतोच तेथे औषध पोहोचते, आणि जेथे त्याची खरी गरज तेथे पोहोचत नाही.

नागाच्या दंशात हा प्रश्न येत नाही. नागाचे विष मेंदूत शिरून मारीत नाही. मज्जातंतू जेथे स्नायूला भेटतो त्या सांध्यावर ते बसते. तो सांधा तटाच्या बाहेर आहे, रक्तातून तेथे वाट आहे. म्हणून तर पापण्या मिटलेल्या आणि हातपाय गळालेल्या माणसाची शुद्ध पुष्कळ वेळ शाबूत असते. त्याला सारे ऐकू येत असते. बापाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांला येथे मिळाले.

मग त्या कागदावरचे औषध काय होते? त्याचे नाव बेव्हासिझुमॅब. हे मोठ्या अकलेने योजलेले औषध आहे, कारण त्याला तट ओलांडावा लागतच नाही. गाठ वाढू लागली की तिला रक्त लागते, आणि ती रक्तवाहिन्यांना बोलावणे धाडते. जंगलात ठेकेदार आधी रस्ता करून घेतो आणि मग ट्रक आणतो, तसे. हे प्रतिपिंड ते बोलावणेच वाटेत पकडते. रस्ता होत नाही. झालेला कच्चा, गळका रस्ता आटतो, आणि गळतीने आलेली मेंदूची सूज उतरते. २००९ साली अमेरिकेच्या औषध खात्याने, गाठ परतलेल्या रोग्यांसाठी, त्याला सशर्त परवानगी दिली. फोटो पाहून सर्वांना हर्ष झाला होता, कारण फोटोत गाठ विझल्यासारखी दिसे.

मग २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांतली एक ९२१ रोग्यांवरची, नव्याने गाठ निघालेल्या. औषध मिळालेल्यांत रोग पुन्हा वाढायला १०.६ महिने लागले, न मिळालेल्यांत ६.२. येथवर वाचून कोणीही पेढे वाटील. पण आयुष्य? एका बाजूला १६.८ महिने, दुसऱ्या बाजूला १६.७. दुसऱ्या चाचणीतही आयुष्य वाढले नाही. २०१७ साली, गाठ परतलेल्या ४३७ रोग्यांवरचा निकाल आला : ९.१ महिने आणि ८.६, म्हणजे धरण्याजोगा फरक नाही. रस्ता बंद केला तर ठेकेदार पाऊलवाटेने माल नेतो. गाठही मेंदूच्या जुन्या, चांगल्या रक्तवाहिन्यांना धरून पुढे सरकते, आणि फोटोत ती चाल नीट दिसत नाही.

हे औषध खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी आमच्या नावावर तसे सांगू नये. सूज उतरल्याने कित्येकांचे डोके हलके होते, स्टेरॉइडची मात्रा कमी करता येते, कोणाचा लुळा हात पुन्हा घास उचलू लागतो. शेवटच्या महिन्यांत हे लहान नव्हे. पण ‘बरे वाटेल’ आणि ‘जास्त जगेल’ ही दोन वेगळी कलमे आहेत, आणि कागदावर ती एकाच ओळीत लिहिलेली होती. आम्ही त्या बापाला वावर विकू नको असे सांगितले नाही. तो अधिकार आमचा नव्हे. नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे त्याला नेले आणि ही दोन कलमे वेगळी करून विचारायला लावली. डॉक्टर भले होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढून स्पष्ट सांगितले. कुटुंबाने किरणे आणि गोळ्या जनआरोग्य योजनेतून पुऱ्या केल्या, आणि वावर राहिले. मुलगा पुढचा धान पाहून गेला.

बाकीच्या प्रतिपिंडांची कथा थोडक्यात सांगतो. पुष्कळ गाठींच्या पेशींवर एक खूण असते, वाढीचा निरोप घेणारी. तिच्यावर नेम धरून कितीतरी औषधे आली. क्यूबा या साखरेच्या छोट्या देशाने, हवानाच्या सरकारी संस्थेत, निमोटुझुमॅब नावाचे प्रतिपिंड बनविले, आणि बंगळूरच्या बायोकॉनने २००६ साली ते डोके व मान यांच्या कॅन्सरसाठी भारतात आणले. उसाच्या फडांतला देश असे काही करतो हे वाचून आम्हांला अभिमान वाटला. पण ग्लायोब्लास्टोमावर जर्मनीत झालेल्या चाचणीत त्याने आयुष्य वाढविल्याचे सिद्ध झाले नाही. त्याच खुणेच्या एका बिघडलेल्या रूपावर लस निघाली, शरीराने स्वतःच प्रतिपिंडे करावीत म्हणून. ७४५ रोग्यांवरची ती चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. प्रतिपिंडाच्या पाठीवर जहर बांधून पाठविणारे औषध २०१९ साली मागे पडले, आणि त्यात रोग्यांच्या डोळ्यांना त्रास झाला तो वेगळाच. कारण तेच, लॅम्बसाहेबांचे : एका सापाची प्रतिपिंडे दुसऱ्याला ओळखत नाहीत. ही गाठ म्हणजे एका टोपलीतले नाना जातींचे साप आहेत. खूण असलेल्या पेशी मेल्या की खूण नसलेल्या जागा घेतात. संपात पोलीस बिल्ले पाहून धरू लागले की लोक बिल्ले काढून ठेवतात, तसे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निव्होलुमॅब, जे फुप्फुसाच्या आणि कातडीच्या कॅन्सरमध्ये नावाजलेले आहे, तेही ३६९ रोग्यांत बेव्हासिझुमॅबपेक्षा सरस ठरले नाही.

एवढे ऐकून आपण हताश व्हाल, पण येथूनच कथा वळते. प्रतिपिंड तट ओलांडीत नाही, तर प्रतिपिंडाचे टोक अशा कोणाच्या हाती द्यावे की ज्याला तट ओलांडता येतो. शरीरातल्या लढाऊ पेशींना, ज्यांना टी पेशी म्हणतात, तो येतो. रोग्याच्याच टी पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या अंगावर प्रतिपिंडाचे टोक उगवेल अशी व्यवस्था करायची, आणि परत सोडायच्या. याला कार-टी म्हणतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी तीन रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. पेशी रक्तातून न देता कवटीतल्या छोट्या नळीवाटे थेट मेंदूच्या पोकळीत सोडल्या, आणि त्या पेशी एका खुणेवर न थांबता दोन रूपांवर नेम धरणाऱ्या होत्या. काही दिवसांत गाठी झपाट्याने आक्रसल्या. एकीची तर जवळजवळ ओळख पुसली. तिघांपैकी दोघांत ती पुन्हा वाढली. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनीही सहा रोग्यांवर दोन वेगळ्या खुणा धरणाऱ्या पेशी वापरल्या. म्हणजे चार सापांची एकत्र लस करण्याचीच कल्पना, सव्वाशे वर्षांनी, मेंदूत! दुसरीकडे टोरांटोत तटालाच ध्वनिलहरींनी थोडा वेळ दार पाडून प्रतिपिंड आत नेता येते, हे २०२१ साली, स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलेल्या चार स्त्रियांत दाखविले गेले. तिघे, सहा, चार. हे आकडे लहान आहेत, आणि वर्तमानपत्रातल्या मथळ्यांत ते मोठे होऊन येतात. म्हणून ते आम्ही मोजून सांगितले.

हे सर्व परदेशचे झाले. आमच्या लोकांना काय, असा प्रश्न रास्त आहे. कार-टी पेशी आपल्याकडे बनतात. मुंबईचे आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी त्या तयार केल्या, २०२१ साली खारघरच्या केंद्रात पहिल्या रोग्याला दिल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना सरकारी परवानगी मिळाली. नेक्सकार-१९ हे तिचे नाव. अमेरिकेत असा उपचार तीन-चार कोटींना पडतो. हा ३० ते ४० लाखांच्या आसपास सांगितला गेला. आमच्या माणसाला दोन्ही आकडे सारखेच दूर, हे खरे. पण दहापट उतरलेला भाव आणखी उतरू शकतो, हे भावाच्या घासाघीशीत जन्म गेलेल्या माणसाला समजते. मेंदूच्या गाठीसाठी जेव्हा ही वाट पक्की होईल, तेव्हा ती बनविणारे हात येथे तयार असतील.

दुसरी गोष्ट मात्रेची. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वर उल्लेखिलेल्या निव्होलुमॅबचाच प्रश्न निराळ्या अंगाने सोडविला, मेंदूत नव्हे, तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये. आमच्या गडचिरोलीत खर्रा खाऊन जो होतो तो. कंपनीच्या मात्रेचा भाव परवडत नाही, मग एवढी मात्रा लागते कोणी ठरविले? त्यांनी दर तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, दिले. रूढ मात्रा याच्या दसपटीहून जास्त आहे. २०२२ साली निकाल आला : वर्षानंतर हयात राहिलेले रोगी शंभरात १६ होते ते ४३ झाले. हा प्रश्न कंपनीने कधी विचारला नसता. कमी माल विकण्याची चाचणी कोण करतो?

आणि तिसरी गोष्ट तर आमच्या धंद्यातलीच आहे. देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचा मिळून नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचा संघ २०१२ साली उभा राहिला. त्याचा कारभार टाटा मेमोरियलमधून चालतो. या संघाने चाळीस औषधांची खरेदी एकत्र केली आणि कंपन्यांशी एका तोंडाने बोलणी केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे सुमारे १३२० कोटी रुपये वाचले. याला आम्ही सामुदायिक सौदा म्हणतो. एकटा मजूर ठेकेदाराच्या दारात गेला की त्याला भाव सांगितला जातो, पाचशे गेले की विचारला जातो. गिरणगावाच्या ऐन मध्यावर, परळात, डॉक्टर मंडळी हे शिकली, याचे आम्हांला फार बरे वाटले.

आमची मागणी एवढीच की, या सौद्याचा लाभ मोठ्या शहरातल्या खाटांपाशी थांबू नये. भामरागडच्या माणसाला नागपूर तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे, आणि पर्लकोटा भरली की भामरागडही दूर आहे. डोकेदुखीबरोबर पहाटेच्या उलट्या, मोठ्या वयात पहिल्यांदा आलेले फेफरे, एका हाताची हळूहळू गेलेली शक्ती, ही लक्षणे दिसली तर गावातल्या आशाताईने रोग्याला थेट मोठ्या दवाखान्याकडे धाडावे, आणि जाण्यायेण्याचा, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च योजनेत धरावा. किरणांच्या तीस बैठका म्हणजे सहा आठवडे परक्या शहरात राहणे. तेंदूपत्त्याचा हंगाम त्यात पडला तर वर्षाची कमाई गेली. औषध फुकट आणि मुक्काम विकत, अशाने उपचार अर्ध्यावर सुटतात.

आमच्या युनियनने एक कागद छापला आहे, मराठीत आणि माडियात. त्यावर डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न आहेत : या औषधाने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल, हे किती रोग्यांवर पाहिले आहे, हे योजनेत बसते का, नसेल तर याचे स्वस्त रूप मिळते का, आणि मोठ्या सरकारी केंद्रात याची चाचणी चालू असेल तर तेथे आमचे नाव घालता येईल का. माडियातला मजकूर हेमलकशाच्या शाळेत शिकून मोठ्या झालेल्या एका मुलीने लिहून दिला आहे. ‘चाचणी’ला माडियात शब्द शोधताना तिला दोन दिवस लागले. कागद दाराशी ठेवले आहेत, जाताना घेऊन जावे. पैसे पडत नाहीत.